फाटलं तर पास

जयवंताला लग्नाचं आमंत्रण खुशाल द्यावं, पण तिच्या हातात सोपेची, म्हणजे बडीशेपेची, पुडी देऊ नये, असं तिच्या माहेरी कामठीत आणि सासरी सक्करदऱ्यात एकमतानं मानतात. या दोन घरांचं एकमत असलेली ही एकच गोष्ट. मागं मनीषनगरच्या एका हॉलात भाचीचं लग्न लागत होतं. सगळे उभे, मंगलाष्टकं चाललेली, आणि ही पन्नाशीला टेकलेली बाई मागच्या खुर्चीवर बसून पुडीचा कोपरा नखानं उकलत होती. बाहेरचा छापील पदर एका चिमटीत, आतला चंदेरी पदर दुसऱ्या चिमटीत. मग तिनं हलकेच ओढलं.

"सुटला पाहा," शेजारच्या अनोळखी बाईला ती म्हणाली. "यायच्या इथं गोंद कोन लावते कोन जाने. दोन महिन्यात सोप पार सादळून जाईन."

त्या बाईनं आपली पुडी पर्समध्ये टाकली आणि खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

नावं ठेवणाऱ्यांना एक ठाऊक नसतं. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत भैय्याजींची एक फॅक्टरी आहे. मसाल्याच्या, चिवड्याच्या, हळदीच्या पुड्या ज्या गुंडाळ्यांतून बनतात, त्या गुंडाळ्या तिथं तयार होतात, आणि त्यातली प्रत्येक जयवंताच्या उजव्या अंगठ्याला विचारून गेटाबाहेर पडते. दुकानात टांगलेली पुडी आपल्याला एकाच कागदाची वाटते. ती तशी नसते. वर छापलेला पातळ पदर, मध्ये चंदेरी, आत प्लास्टिकचा. मधल्यानं ऊन आणि हवा अडवायची, आतल्यानं तिखटाचं तेल. हे पदर गोंदानं जोडतात, आणि गोंद इतका पातळ असतो की लावलाय हे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मग तो धरला की नाही हे कळावं कसं? जयवंता बोटभर रुंदीची पट्टी कापते आणि कोपरा उकलून ओढते. पदर एकमेकांपासून सुटले तर माल नापास. सुटायच्या आधी पदरच फाटला, म्हणजे गोंद पदरापेक्षा बळकट निघाला, तर माल पास. फाटलं तर पास, सुटलं तर नापास. नवीन आलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. जयवंताला अठरा वर्षांत दुसरं काही सुलटं वाटेनासं झालं होतं.

आणि हे वेड काही फॅक्टरीनं लावलेलं नाही. कामठीला तिचे वडील पॉवरलूमवर कापड विणायचे. शाळेतून आली की पोर ठाणावरून हात फिरवत तुटका धागा शोधायची. तो तिच्या डोळ्यांआधी बोटांना सापडायचा. लग्न होऊन सक्करदऱ्याला आली, तर नवरा रुपराव पंक्चरवाला. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं, "हे ठिगळ ट्यूबले धरून काहून राहते?"

"सोल्युशन लावलं म्हणून," रुपराव म्हणाला.

"अन् सोल्युशन काहून धरते?"

यात विचारण्यासारखं काही असेल, असं रुपरावाला तोवर कधी वाटलंच नव्हतं. तेव्हापासून बायकोचे प्रश्न सुरू झाले की तो हं हं करत राहतो, आणि संपले की जेवायला वाढ म्हणतो. संसार चांगला झाला दोघांचा.

फॅक्टरीत मात्र तिच्या प्रश्नांना उत्तर देणारा एक माणूस होता. मारोतराव. पदर जोडणारं मोठं मशीन बावीस वर्षं त्यांच्या हातात होतं. अंगानं बारीक, वयानं सत्तावन्न, नाकावर चष्मा, आणि बोलणं मोजून मापून. मशीनच्या मागं दोन ड्रम असायचे. एकात गोंद, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर. शंभर भाग गोंदाला साठ भाग हार्डनर. मिसळायचं काम पंपच करायचा, पण मारोतराव पंपावर विसंबणारे नव्हते. रोज सकाळी दोन्ही नळ्यांतून कागदी ग्लासांत थोडं थोडं काढायचं, काट्यावर तोलायचं, वहीत लिहायचं, मगच मशीन सुरू.

"हार्डनर कमी पडला तर काय होते भाऊ?" जयवंतानं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"मंग गोंद कच्चा राहते. बाईच्या हातचं पिठलं शिजलं नाई तर कसं राहते, तसा."

"अन् जास्त पडला तर?"

"कडक होऊन तडकते. बाई, दोघायनं आपापला वाटा पुरा द्यावा लागते, तवा जमते."

जोडलेला माल मग दोन दिवस गरम खोलीत ठेवायचा, गोंद पिकायला. चाळीस अंशांची ती खोली. मे महिन्यात हिची वीज बंद करून माल अंगणातच टाकला तरी चालेल, अशी एक थट्टा फॅक्टरीत दर उन्हाळ्यात व्हायची, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्यानं हसायचं.

या वर्षी मात्र मे महिन्यात हसण्यासारखं राहिलं नाही. अमरावतीच्या एका मसालेवाल्यानं माल परत पाठवला. तिखटाच्या पुड्यांवर फोड आले होते, आतला पदर सुटून तेल बाहेर झिरपत होतं. सगळ्या पुड्या खराब असत्या तर एक वेळ समजलं असतं. एक खोकं चांगलं, दुसरं वाईट, तिसरं पुन्हा चांगलं. भैय्याजींनी गोंदाच्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं ड्रम पाहिले, पंप उघडला, बंद केला, चहा घेतला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. मग उरलं काय? उरले मारोतराव.

भैय्याजी दुष्ट माणूस नव्हे, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी मारोतरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर नाही, ऑफिसात बोलले. पण ऑफिसचं दार पातळ होतं आणि जयवंता पट्ट्यांची फाइल घेऊन बाहेरच उभी होती.

"कभी बरोबर, कभी चूक, असं मशीन नाई करत मारोतराव. माणूस करते. वय झालं, डोळे थकले, यात लाज नाई. शनिवारपर्यंत लिहून द्या. सोमवारी नवा ऑपरेटर येऊन राहिला."

आत पाण्याचा ग्लास टेबलावर टेकला. मग मारोतरावांचा आवाज आला. "असन भैय्याजी. चुकलो असन मीच."

जयवंताला याचाच धक्का बसला. ते भांडतील, वही आणून समोर आपटतील, असं तिला वाटलं होतं. दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, तर मारोतराव म्हणाले, "घरीबी हेच चालू आहे बाई. आमची घरवाली रुखमाबाई म्हणते, तुमाले सुईत दोरा ओवता येत नाई. काल काट्यावरचा आकडा तीनदा पाहिला. तीनदा बरोबर दिसला. पन आता मलेच भरोसा नाई, की मी पाहून काय राहिलो."

तिला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या बरोबरीनं दुसरंही काही वाटलं. हाताला तुटका धागा लागावा तसं. कारण परत आलेला तो माल तिच्याच अंगठ्यानं पास केला होता. फाटला होता तिच्या हातात, म्हणून तर गेला. मग अमरावतीला जाऊन सुटला कसा?

मंगळवारी ती गोदामात शिरली. त्याच महिन्यातल्या सात गुंडाळ्या तिथं पडून होत्या. नेहमी ती उजव्या कडेची पट्टी कापायची, कारण मशीनची उजवी बाजू मोकळी, डावी बाजू भिंतीकडे. अठरा वर्षं उजवीच. आज तिनं प्रत्येक गुंडाळीच्या तीन पट्ट्या कापल्या. उजवी फाटली. मधली फाटली, जरा कुरकुरत. डावी ओढली, आणि साय निघावी तसा पदर सुटून हातात आला. बोट लावलं तर आतून चिकट.

ती तिथंच पोत्यावर बसली. मापात चूक झाली असती तर सगळी गुंडाळी कच्ची राहायला हवी होती. वरणात मीठ कमी पडलं तर ताटाच्या डाव्या बाजूलाच काय म्हणून अळणी लागेल? अमरावतीची खोकी एक चांगलं, एक वाईट का निघाली तेही कळलं. रुंद गुंडाळी उभी चिरून तिच्या चार अरुंद गुंडाळ्या करतात. डावीकडची तेवढी बिघडलेली.

सात गुंडाळ्यांतली एक मात्र दोन्हीकडे चांगली निघाली. तिच्यावर मागच्या बुधवारची तारीख होती. जयवंतानं त्या पट्ट्या लेकीच्या, गार्गीच्या, जुन्या वहीत चिकटवल्या, तारखा टाकल्या, आणि संध्याकाळभर वही पुढ्यात घेऊन बसली. बुधवारी काय होतं? मारोतराव तेच, ड्रम तेच, मशीन तेच.

"बुधवारी काय झालं होतं जी?" तिनं रुपरावाला विचारलं.

रुपराव अंगणात ट्यूब पुसत होता. "हं," तो म्हणाला, आणि मग सवय मोडून पुढं बोलला, "बुधवारी तू आली तं सरळ मोरीत गेली आंघोळीले. पानी नव्हतं म्हने दिवसभर फॅक्टरीत."

"अन् तुमी ते ट्यूब इतकं पुसून काहून राहिले?"

"वली राहिली तर धरत नाई ना वं ठिगळ. किती वर्ष झाले लग्नाले?"

जयवंता उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

बुधवारी पाणी नव्हतं, म्हणून कूलर कोरडा चालला होता.

आता या कूलरबद्दल सांगायला हवं. गुंडाळ्या चिरण्याच्या मशीनवर पाच बाया काम करतात. वरती पत्रा, बाहेर शेहेचाळीस अंश. तीन उन्हाळे जयवंतानं भैय्याजींच्या मागं टुमणं लावलं होतं, बायांना कूलर द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्यातली रंभाबाई चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं भैय्याजी हलले, आणि या वर्षी एप्रिलच्या शेवटी चार फुटी लोखंडी कूलर आला. नवा वाळा, मोठी टाकी. बायांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा जयवंताच्या हातावर ठेवला. कूलरचं तोंड बायांकडे होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात जयवंतानं पाहिलं, मारोतरावांचा सदरा पाठीला चिकटलेला, चष्म्याच्या काचेवर घाम. तिला राहवलं नाही. तिनं आणि त्या पाचांतल्या वंदनानं मिळून कूलर थोडा वळवला, म्हणजे निम्मा वारा बायांना, निम्मा भाऊंना. मारोतराव पहिल्यांदाच मोठ्यानं हसले होते. "आता वाळ्याचा वास येते बाई," म्हणाले होते.

कूलर भिंतीशी होता, म्हणून तो वारा मशीनच्या डाव्या बाजूनं येत होता. तिथंच दोन रोलरांच्या मधल्या फटीत गोंद उघडा पडलेला असतो.

हार्डनरच्या ड्रमवर एक चित्र होतं, छत्री आणि तिच्यावर पावसाचे थेंब. जयवंतानं ते अठरा वर्षं पाहिलं होतं आणि ड्रम पावसात ठेवू नये एवढाच अर्थ घेतला होता. मे महिन्यात नागपुरात छत्रीची आठवण कुणाला होते?

तरी ती घाईनं बोलली नाही. नुसत्या शंकेवर बोलणारी ती नव्हे. गुरुवारी सकाळी मशीन सुरू होताना मिसळलेला पहिला गोंद कागदी ग्लासांत काढतात, तेव्हा तिनं मारोतरावांकडून दोन ग्लास मागून घेतले. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. एक ग्लास तिनं कूलरच्या समोर फळीवर ठेवला. दुसरा कोरड्या गोदामात, कुलूप लावून.

शुक्रवारी सकाळी गोदामातला ग्लास काचेसारखा निघाला. स्वच्छ, पिवळसर, ठणठणीत. कूलरपुढचा फुगून काठाच्या वर आला होता, आत बुडबुडेच बुडबुडे, जाळीदार, खमणासारखा, आणि बोट दाबलं तर अजून चिकट. हार्डनरनं आपला वाटा गोंदाला द्यायच्या ऐवजी हवेतल्या पाण्यालाच देऊन टाकला होता. जयवंताला एवढा आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "अरे वा!" तो आनंद अर्धा मिनिट टिकला.

कारण कूलर तिनं आणला होता, तोंड तिनं फिरवलं होतं, आणि वाईट माल तिच्या अंगठ्यानं पास केला होता.

एक सोपी वाट होती, आणि ती तिला सुचली नाही असं नाही. गुपचूप कूलरचं तोंड पुन्हा पुरतं बायांकडे वळवायचं. कुणी विचारलं नसतं. माल सुधारला असता, बायांचा वारा राहिला असता, तिचं नाव राहिलं असतं. पण सोमवारी नवा ऑपरेटर येणार, आणि त्याच्या हातून निघालेला माल पहिल्या दिवसापासून चांगला निघणार. मग मारोतरावांच्या डोळ्यांचा दोष पक्का झाला असता, भैय्याजींच्या मनात आणि त्याहून जास्त मारोतरावांच्या मनात. तो माणूस उरलेलं आयुष्य घरी बसून आपण काय चुकलो ते शोधत राहिला असता. शुक्रवारची रात्र तिनं कूस बदलत काढली.

शनिवारी अकरा वाजता भैय्याजी शेडमध्ये आले. त्यांच्या हातात मारोतरावांनी सकाळीच दिलेला राजीनाम्याचा कागद होता. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला, पत्रा तडतडत होता, आणि कूलर भरल्या टाकीनं घरघरत होता. जयवंतानं दोन्ही ग्लास आणि गार्गीची वही टेबलावर ठेवली.

"भैय्याजी, आधी हे वढून पाहा," ती म्हणाली, आणि उजवी पट्टी त्यांच्या हातात दिली. ती फाटली. मग डावी दिली. ती सुटली. मग बुधवारच्या दोन्ही दिल्या. दोन्ही फाटल्या. तिनं पाण्याचं सांगितलं, ग्लासांचं सांगितलं, ड्रमवरची छत्री दाखवली. "अन् कूलरचं तोंड मी फिरवलं," शेवटी ती म्हणाली. "वंदनानं फक्त हात लावला, सांगनारी मी. अन् पट्टी एकाच कडेची कापली, तेबी मीच. मारोतराव भाऊंचं काई नाई यात."

भैय्याजींनी फुगलेला ग्लास उचलला, वास घेतला, खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "कंपनीच्या माणसाले हे नाई दिसलं?"

"तो आला तवा लाइट गेली होती. कूलर बंद होता."

भैय्याजी कूलरजवळ गेले आणि स्वतःच्या हातानं बटन बंद केलं.

"तोंड फिरवून ठेवू ना भैय्याजी, बायांकडं," जयवंता घाईनं म्हणाली.

"नाई. या शेडमध्ये पानी नको. आधी माल. पुढं पाहू."

घरघर थांबली, आणि दोन मिनिटांत ऊन आत आल्यासारखं झालं. पाचही बाया हातातलं काम सोडून जयवंताकडे पाहत होत्या. रंभाबाईनं पदरानं मान पुसली. वंदना म्हणाली, "तीन उन्हाळे लागले होते वं आनाले."

"मले मालूम आहे," जयवंता म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं.

वंदनानं पाठ फिरवली. चिरायचं मशीन तिनं सुरू केलं, नेहमीपेक्षा जास्त वेगानं.

मारोतराव टेबलाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि एक एक पट्टी स्वतः ओढून पाहिली. उजवी, मधली, डावी. पुन्हा उजवी. सात तारखांच्या सगळ्या. कुणी त्यांना घाई केली नाही. मग त्यांनी भैय्याजींपुढं हात केला.

"तो कागद द्या."

"जाऊ द्या ना मारोतराव, फाडून टाकतो मी. मनावर नका घेऊ."

"नाई भैय्याजी. त्याच्यात मी लिहिलं आहे, माहं माप चुकलं म्हनून. खाली माही सही आहे. द्या तो."

भैय्याजींनी कागद दिला. मारोतरावांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि खिशातून फोन काढला. नंबर लावला. पलीकडून रुखमाबाईंनी उचलला असावा.

"मी बोलून राहिलो. आयक. माप बरोबर होतं." मशीनच्या खडखडाटात पलीकडे काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी आवाज चढवला. "माप, माप! नाई, डोळे नाई. अवं आयक तर."

वंदनाच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत ओघळत होता. तिनं जयवंताकडे पाहिलं नाही. हात लांब करून तिनं मशीन बंद केलं, आणि सगळ्या शेडमध्ये मारोतरावांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"मी चुकलो नव्हतो, रुखमा."